सुई आणि दोरा : भीतीपोटी आज्ञापालन आणि कृपेची खात्री

माझ्या जुन्या बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर सहा तारखा आहेत. त्यांतल्या पाच खोडलेल्या. चौदाव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत मी सहा वेळा 'प्रभूला जीवन दिलं' आणि दर वेळी तारीख तिथे टिपून ठेवली. व्हायचं असं, की एखाद्या सभेत न्यायाच्या दिवसावर जोरकस उपदेश ऐकून मी घरी यायचे आणि अंथरुणावर पडलं की झोप उडालेली असायची. मागच्या वेळची प्रार्थना मनापासून झालीच नसेल तर? प्रभू आज रात्रीच आला तर? मग अंधारात पुन्हा गुडघे टेकायचे, पुन्हा तीच प्रार्थना, या खेपेला जास्त रडून. सकाळी जुनी तारीख खोडायची आणि खाली नवी लिहायची.

त्या वयात मी बेफिकीर होते म्हणावं, तर तसंही नव्हतं. उपास, प्रार्थना, वचनपाठ, सगळं काटेकोर चाललं होतं. आज्ञापालन भरपूर होतं, शांती मात्र कणभर नव्हती. हे असं का होतं, यावर ख्रिस्ती मंडळीने दोन हजार वर्षं विचार केला आहे, आणि त्या विचारातलं बरंचसं सामान्य विश्वासणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून हा लेख.

मुळात प्रश्न एका 'म्हणून'चा आहे. 'देवाने मला स्वीकारलं आहे, म्हणून मी त्याच्या आज्ञा पाळते' हे एक वाक्य. 'मी आज्ञा पाळते, म्हणून देव मला स्वीकारतो' हे दुसरं. शब्द जवळपास तेच, फक्त 'म्हणून'च्या दोन्ही बाजूंची अदलाबदल झाली आहे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही माणसं सारखीच दिसतात. दोघंही रविवारी उपासनेला येतात, दोघंही दानधर्म करतात, दोघंही खोटं बोलायला कचरतात. पण आतून ती दोन वेगळ्या घरांत राहत असतात. एक मूल म्हणून राहतं, दुसरं चाकर म्हणून.

कृपा म्हणजे लायकी न पाहता मिळालेला स्वीकार. ही कल्पना फक्त नव्या करारातली आहे आणि जुना करार म्हणजे नुसता नियमांचा धाक, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. दहा आज्ञा जिथे आहेत तो जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाचा विसावा अध्याय उघडून पाहा. पहिली आज्ञा येण्याआधी एक वाक्य आहे: मी परमेश्वर तुझा देव, मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर काढलं. समुद्र ओलांडला गेला तो चौदाव्या अध्यायात, आणि आज्ञा आल्या विसाव्यात. मिसरात विटा थापणाऱ्या लोकांना कोणी सांगितलं नव्हतं, की या दहा आज्ञा पाळून दाखवा, मग सुटकेचं बघू. सुटका आधी झाली. नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रंही बहुधा याच क्रमाने जातात. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या तीन अध्यायांत आज्ञा जवळजवळ सापडतच नाहीत. देवाने काय केलं आहे, तुम्हाला कुठून कुठे आणलं आहे, एवढंच तिथे सांगितलं आहे. चौथ्या अध्यायापासून मात्र आज्ञांची रांग लागते: खोटं सोडा, चोरी सोडा, कटुता सोडा, एकमेकांना क्षमा करा. आज्ञा खऱ्या आहेत आणि कडकही आहेत, पण त्या नंतर येतात.

भीतीने पाळलेल्या आज्ञेत काय बिघडतं?

काम तर होतंय ना, मग मागे भीती असली तर काय बिघडलं, असं कोणी विचारेल. बिघडतं ते येशूने एका दाखल्यात फार नेमकं दाखवलं आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात एक धनी परगावी जाताना तीन चाकरांच्या हवाली पैसे करतो. दोघं व्यापार करून ते दुप्पट करतात. तिसरा खड्डा खणून पैसे पुरून ठेवतो. धनी परत आल्यावर तो सांगतो, की तुम्ही कठोर आहात हे मला ठाऊक होतं, मी भ्यालो आणि तुमचे पैसे जमिनीत लपवून ठेवले, हे घ्या तुमचे तुम्हाला परत. या माणसाने चोरी केलेली नाही, पैसे उडवलेले नाहीत. त्याने मोडलेला नियम काढायला गेलात तर चटकन सापडणार नाही. तो फक्त भ्याला. आणि भ्यालेला माणूस एवढंच पाहतो, की माझ्यावर बालंट येऊ नये. 'चूक होऊ नये' हे त्याचं सगळ्यात मोठं ध्येय. 'काय चांगलं करता येईल' हा प्रश्न त्याच्या मनाला शिवतच नाही.

शिवाय भीती माणसाची नजर स्वतःवर खिळवून ठेवते. मी आजारी माणसाला भेटायला जाते, त्याच्या उशाशी बसते, पण मनात माझाच हिशोब चालू असतो: हे जमेच्या बाजूला पडेल ना? समोरचा माणूस माझ्या तारणाचं, म्हणजे पापातून सुटकेचं, साधन होऊन बसतो. मला तर वाटतं, भीतीपोटी केलेल्या सेवेचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे. ती शेजाऱ्यापर्यंत पोचतच नाही, वाटेतच आपल्यापाशी परत येते.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला मुलगा आठवतो? पैसे उधळून परत आलेल्या धाकट्या भावासाठी घरात मेजवानी चालू आहे आणि हा बाहेर रुसून उभा. बाप समजूत घालायला बाहेर येतो तेव्हा तो म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, तुमची एकही आज्ञा मोडली नाही. हा दाखला सांगणाऱ्या लूकच्या शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक मजकुरात इथे जे क्रियापद आहे ते गुलामाच्या राबण्याचं आहे. जन्मभर बापाच्या घरात राहून मुलगा बोलतोय गुलामाच्या भाषेत. धाकटा भाऊ निदान घर सोडून दूर गेला होता. हा घरात राहूनच दूर होता.

हे सगळं स्वतःच्या अंगावर झेललेला इतिहासातला मोठा माणूस म्हणजे प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर. २ जुलै १५०५ रोजी जर्मनीत श्टोटर्नहाइम गावाजवळ तो वादळात सापडला. वीज जवळच कोसळली आणि मरणाच्या भयाने त्याने संत अॅनाला नवस केला, की वाचलो तर संन्यासी होईन. दोन आठवड्यांत तो एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. त्याच्या संन्यासाची सुरुवातच भीतीने झाली आणि पुढची वर्षंही भीतीतच गेली. पापकबुलीला बसला की तासन्‌तास उठत नसे, आणि उठून गेल्यावर राहिलेलं एखादं पाप आठवलं की पुन्हा परत येई. म्हातारपणी, १५४५ साली, त्याने आपल्या लॅटिन लेखनाच्या प्रस्तावनेत मागे वळून पाहिलं. निर्दोष संन्याशासारखा राहत असूनही देवासमोर माझं मन अस्वस्थच होतं, असं तो लिहितो. आणि पुढे जे कबूल करतो ते फार धाडसाचं आहे: पाप्यांना शिक्षा करणाऱ्या त्या न्यायी देवावर माझं प्रेम नव्हतं, माझ्या मनात त्याच्याविषयी द्वेष होता.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण भीतीने जखडलेल्या भक्ताच्या मनात नेमकं हेच असतं आणि ते उच्चारायचीही त्याला भीती वाटते. ज्याचा धाक वाटतो त्याच्यावर प्रेम करण्याची आज्ञा पाळायची कशी? 'तू आपला देव परमेश्वर याच्यावर पूर्ण मनाने प्रीती कर' ही सगळ्यात मोठी आज्ञा, आणि भीतीच्या जोरावर ती एकटीच अशी आहे की पाळताच येत नाही. ल्यूथरची सुटका झाली ती रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातल्या सतराव्या वचनाने. 'देवाचं नीतिमत्त्व' म्हणजे देव ज्याची मागणी करतो ते, असं तो इतकी वर्षं समजत होता. तिथे बोलणं देव देतो त्या नीतिमत्त्वाचं आहे, आणि ते विश्वासाने घ्यायचं आहे, हे त्याला उमगलं.

मग देवाचं भय धरायचंच नाही?

धरायचं. बायबल देवाच्या भयाचं कौतुक करतं, आणि इथेच पुष्कळांचा गोंधळ होतो. पुन्हा निर्गमच्या विसाव्या अध्यायाकडे जाऊ. विसाव्या वचनात मोशे लोकांना सांगतो, भिऊ नका. देव आला आहे तो अशासाठी, की त्याचं भय तुमच्यासमोर राहावं आणि तुम्ही पाप करू नये. एकाच वाक्यात 'भिऊ नका' आणि 'भय राहू दे'! उघड आहे, की इथे दोन वेगवेगळ्या भयांविषयी बोलणं चाललं आहे.

संत ऑगस्टिनने पाचव्या शतकाच्या आरंभी योहानाच्या पहिल्या पत्रावर उपदेश दिले, त्यांत ही गाठ सोडवली आहे. पूर्ण प्रीती भीतीला बाहेर घालवते, हे त्या पत्रातलं वचन समजावताना तो शिवणकामाचं उदाहरण देतो. सुई आधी कापडात शिरते आणि दोरा तिच्या मागून येतो. सुई तिथेच अडकून राहिली तर दोरा आत येणार कसा? भीती ही सुई आणि प्रीती हा दोरा. भीतीने मन जागं होतं, हे ऑगस्टिन नाकारत नाही. पण शिवण दोऱ्याने टिकते, आणि सुई बाहेर निघाल्याशिवाय टाका पुरा होत नाही. ज्या उपदेशात दर आठवड्याला नुसती सुई टोचली जाते आणि दोरा ओवलेलाच नसतो, तिथे मनाला फक्त भोकं पडत जातात.

त्याच उपदेशात तो दोन बायकांचं उदाहरण देतो. एकीला धास्ती असते की नवरा घरी येईल, दुसरीला धास्ती असते की तो सोडून जाईल. दोघींना भीतीच वाटते आहे, पण एकीची भीती प्रेम नसल्याची खूण आहे आणि दुसरीची प्रेम असल्याची. मध्ययुगात थॉमस अक्विनास या धर्मशास्त्रज्ञाने दासाचं भय आणि पुत्राचं भय या नावांनी याचीच नीट मांडणी केली. दासाला फटक्याची भीती, पुत्राला बापाचं मन दुखावण्याची. १३० व्या स्तोत्रात तर ओळ आहे, की तुझ्यापाशी क्षमा आहे, म्हणून तुझं भय धरतात. शिक्षा आहे म्हणून नव्हे, क्षमा आहे म्हणून. ज्याला खरोखर क्षमा मिळाली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

भीतीच्या उपदेशाचं नाव निघालं की जोनाथन एडवर्ड्‌सचं नाव निघतं. ८ जुलै १७४१ रोजी अमेरिकेत एनफिल्डला या पाळकाने संतप्त देवाच्या हाती सापडलेल्या पाप्यांवर उपदेश केला. लोक इतके आक्रोश करू लागले, की त्याला मध्येच थांबावं लागलं. पण याच एडवर्ड्‌सने १७४६ साली धार्मिक भावनांची कसोटी लावणारा मोठा ग्रंथ लिहिला. भावना तीव्र झाल्या, अंगाला कंप सुटला, डोळ्यांतून पाणी आलं, एवढ्यावरून त्या देवाच्या आत्म्याने जागवल्या आहेत असं ठरत नाही, हे त्याने त्यात खोलात जाऊन दाखवलं. त्याच्या त्या एका उपदेशाची नक्कल करणारे पुष्कळ झाले, पण हा ग्रंथ वाचणारे थोडे, याचं मला वाईट वाटतं.

खात्री शोधायची कुठे?

आता माझ्या सहा तारखांकडे येते. 'माझं तारण झालं आहे' हे माणसाला कळू शकतं का? यावर मंडळ्यांची मतं वेगवेगळी आहेत आणि ती प्रामाणिक आहेत. १५४७ साली कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट परिषदेने ठरवलं, की विशेष प्रकटीकरणाशिवाय कोणालाही आपल्याला कृपा लाभल्याची अचूक, विश्वासाच्या दर्जाची निश्चिती होत नाही. कॅथलिक शिकवणीत देवाच्या दयेवरची आशा भक्कम आहे. तिला धोका दिसतो तो फाजील आत्मविश्वासाचा. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने उलट विश्वासाची व्याख्याच अशी केली, की देवाच्या आपल्यावरच्या प्रसन्नतेचं पक्कं ज्ञान म्हणजे विश्वास. त्यानंतर सुमारे शतकभराने, १६४६ साली इंग्लंडमध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराने, म्हणजे विश्वासाच्या लेखी जाहीरनाम्याने, मधला आणि माझ्या मते फार मायाळू मार्ग काढला. खात्री मिळू शकते, पण ती विश्वासाचा असा अविभाज्य भाग नाही की तिच्यावाचून विश्वासच खोटा ठरावा. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिच्यासाठी फार काळ वाट पाहावी लागू शकते.

हे मायाळू का म्हणते, ते मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या गोष्टीवरून कळेल. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत ल्यूथरची रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना वाचली जात होती. ती ऐकता ऐकता वेस्लीच्या मनाला विलक्षण ऊब आली आणि ख्रिस्ताने माझी पापं, हो माझीसुद्धा, दूर केली अशी खात्री पटली. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. तिचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. पन्नास वर्षांनी, १७८८ सालच्या एका उपदेशात वेस्ली कबूल करतो, की आमच्या उपदेशकांना सुरुवातीला देवाचा चाकर आणि देवाचं मूल यांतला फरक नीट कळला नव्हता. तुझ्या पापांची क्षमा झाल्याचं तुला ठाऊक आहे का, असं ते विचारत, आणि कोणी 'नाही' म्हटलं की त्याला सैतानाचं मूल ठरवून मोकळे होत. जो अजून चाकराच्या पायरीवर आहे त्यालाही देवाने नाकारलेलं नाही, त्याने तिथेच न थांबता पुढे यावं, असं म्हातारा वेस्ली सांगतो.

म्हणजे कृपेचा उपदेशही भीतीचा उपदेश होऊ शकतो. 'खात्री वाटत नसेल तर तुझं तारणच झालेलं नाही' असं म्हटलं, की खात्री हीच नवी आज्ञा होते आणि ती पाळण्यासाठी माणूस स्वतःच्या मनाची नाडी बघत बसतो. मी नेमकं तेच करत होते. मी ख्रिस्ताकडे पाहत नव्हते, मी माझ्या प्रार्थनेकडे पाहत होते. पुरेशी रडले का? शब्द बरोबर होते का? शेवटी एका वयस्कर पाळकांना मी ते पान दाखवलं. त्यांनी तारखांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "पोरी, तारण तुझ्या प्रार्थनेने केलं की प्रभूने?" सहापैकी कुठली तारीख खरी, हे मला आजही सांगता येणार नाही. आता ते शोधावंसंही वाटत नाही.

विश्वासाची फळं तपासायचीच नाहीत, असा याचा अर्थ नाही. योहानाचं पहिलं पत्र भावावरची प्रीती ही खूण म्हणून देतंच. पण खूण आणि पाया यांत गल्लत करू नये. फळं पाहून झाड जिवंत आहे हे कळतं. झाड मात्र मुळांवर जगतं. मन खचलेलं असताना फळं मोजायला बसू नये, तेव्हा ती नेमकी कमीच भरतात.

कृपेवर एवढा भर दिला तर लोक मोकाट सुटतील, ही धास्तीही जुनीच आहे. स्कॉटलंडमध्ये १७१७ साली ऑख्टरार्डरच्या प्रेसबिटरीने, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांच्या कारभारी मंडळाने, उपदेशक होऊ पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याला एक विधान मान्य करायला सांगितलं: ख्रिस्ताकडे येण्यासाठी आधी पाप सोडलं पाहिजे, असं शिकवणं योग्य नाही. राष्ट्रीय मंडळीची सर्वोच्च सभा हादरली आणि तिने या विधानाचा निषेध केला. सभेत बसलेल्या थॉमस बोस्टन नावाच्या पाळकाला मात्र वाटलं, की शब्द ओबडधोबड आहेत, पण म्हणणं खरं आहे. पाप आधी सोडून मगच ख्रिस्ताकडे यायचं, तर ते सोडायचं बळ आणायचं कुठून? ते बळ तर त्याच्याकडेच मिळतं. पाप सोडणं हे येण्याचं फळ आहे, येण्याचं भाडं नाही. पुढे बरीच वर्षं हा वाद चालला आणि बोस्टनसारख्यांना नियमभंजक म्हणून हिणवलं गेलं.

उलट बाजूची चूकही खरी आहे. डीट्रिख बोन्होफर या जर्मन पाळकाने १९३७ साली 'स्वस्त कृपा' या शब्दांत तिच्यावर बोट ठेवलं: पश्चात्तापाशिवाय क्षमा, शिष्यपणाशिवाय कृपा. त्याच्यासाठी कृपा स्वस्त नव्हती. ९ एप्रिल १९४५ ला नाझींनी त्याला फाशी दिलं. पण स्वस्त कृपेवर उतारा म्हणून भीती देणं, हे मला पटत नाही. 'कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं काय?' या प्रश्नाला रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल नरकाच्या धमकीने उत्तर देत नाही. तो म्हणतो, तुम्ही ख्रिस्ताबरोबर मेलात आणि उठलात, हे विसरलात का? तुम्ही कोण आहात याची तो आठवण करून देतो.

घाबरलेल्या माणसाला दोन उतारे हमखास छळतात, म्हणून त्यांच्याविषयी. मत्तयाच्या सातव्या अध्यायात 'मला तुमची कधीच ओळख नव्हती' असं ज्यांना ऐकावं लागतं, ते हातात काय घेऊन आले आहेत पाहा: आम्ही तुझ्या नावाने संदेश दिला, भुतं काढली, अद्भुतं केली. ते आपल्या कामांची यादी घेऊन आले आहेत, आणि जगले आहेत स्वैराचाराने. कृपेशिवाय आपल्याकडे काहीच नाही म्हणून रडणारी माणसं ही नव्हेत. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायातला विश्वासापासून पतनाचा इशारा भयंकर आहे खरा, पण पुढे नवव्या वचनात लेखक वाचकांना 'प्रियजनहो' म्हणून सांगतो, की आम्ही असं बोलत असलो तरी तुमच्याविषयी याहून चांगल्याची आमची खात्री आहे. इशारा वाचून दाखवायचा आणि नवव्या वचनाआधी बायबल मिटायचं, हा श्रोत्यांवर अन्याय आहे.

व्यासपीठावरून बोलणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की आपल्या उपदेशातली क्रियापदं एकदा तपासून पाहावीत. 'करा, सोडा, वाढा, जागे व्हा' किती आणि 'त्याने केलं, त्याने दिलं, पूर्ण झालं' किती? उपदेश संपताना श्रोत्याच्या हाती करायच्या कामांची यादीच उरली, तर पौलाच्या पत्राचा उत्तरार्धच वाचल्यासारखं झालं.

एक गोष्ट सांगायलाच हवी. काहींच्या बाबतीत ही भीती उपदेश बदलूनही जात नाही. तीच कबुली दिवसातून वीस वेळा द्यावी लागते, मनात नकोसा देवनिंदेचा विचार येतो आणि तो पुसण्यासाठी ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा म्हणावे लागतात. हा मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा एक प्रकार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला 'विश्वास वाढव' म्हणण्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत घेऊन जावं.

आणि आज रात्री ज्यांची झोप उडालेली असेल त्यांच्यासाठी. ल्यूथर घाबरला की म्हणत असे, माझा बाप्तिस्मा झाला आहे. 'मी बाप्तिस्मा घेतला' याहून त्यात जोर 'माझा झाला' यावर होता, कारण ते त्याच्याबाहेर घडलेलं होतं, त्याच्या मनाच्या चढउताराने ते पुसलं जाणार नव्हतं. योहानाच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलं आहे, की आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे आणि त्याला सर्व काही ठाऊक आहे. ते वचन वाचा. प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून करू नका. आभार माना आणि दिवा मालवा.